पावती प्रिंटरचे नेटवर्क कार्ड : जोडणी, दोष आणि उपाय

शेतकऱ्याच्या व्यवहारात पावतीचे महत्त्व नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. इ. स. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगे सुरू झाले व त्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा करण्यात आला. शेतकऱ्याने भरलेल्या रकमेची लेखी पावती मागण्याचा हक्क त्या कायद्याने मान्य केला होता. दिलेल्या पैशाचा, घातलेल्या मालाचा व झालेल्या वजनाचा पुरावा शेतकऱ्याच्या हाती राहावा, हा त्यामागील हेतू होता. आज पावती हाताने लिहिली जाण्याऐवजी यंत्रातून बाहेर पडते, एवढाच फरक झाला आहे. हेतू तोच आहे.

आदिलाबाद जिल्ह्यातील तलमडुगु मंडलाचेच उदाहरण घेता येईल. हा जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्यातील किनवट व राजुरा हे तालुके तत्कालीन मुंबई राज्याकडे आले, उरलेला भाग आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तो तेलंगणा राज्यात आहे. सीमा बदलल्या, तरी या भागातील मराठी भाषा व कापसाचे पीक ही दोन्ही टिकून राहिली आहेत. येथील कापूस आदिलाबादच्या बाजार आवारात विक्रीसाठी जातो. गाडी वजनकाट्यावर चढते, भरलेले व रिकामे वजन नोंदले जाते आणि छोट्या प्रिंटरमधून वजनाची चिठ्ठी निघते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ८,११० रुपये ठरविण्यात आली. चिठ्ठीवर १८ क्विंटल ४० किलोऐवजी १६ क्विंटल ४० किलो असा आकडा आला, तर या दराने शेतकऱ्याचे १६,२२० रुपयांचे नुकसान होते. चिठ्ठी मिळालीच नाही, तर आपले म्हणणे मांडण्यास त्याच्याजवळ काहीही आधार राहत नाही.

सहकारी सोसायट्या, सेवा केंद्रे व पंचायतींची करवसुली यांतही हीच व्यवस्था रूढ होत आहे. देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांच्या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी मान्यता दिली. या यंत्रणेतील सर्वांत लहान, परंतु लोकांच्या प्रत्यक्ष संबंधात येणारा घटक म्हणजे पावती प्रिंटर होय. तो बंद पडला की रांग थांबते. असे झाल्यास पुष्कळ वेळा प्रिंटर निर्दोष असतो व त्याच्या नेटवर्क कार्डाची मांडणी तेवढी बिघडलेली असते. ती मांडणी समजून घेण्यास अभियंत्याचे शिक्षण लागत नाही. थोडी शिस्त व नोंद ठेवण्याची सवय पुरेशी आहे.

नेटवर्क कार्ड म्हणजे काय?

एकच संगणक व एकच प्रिंटर असेल, तर साध्या यूएसबी केबलने काम भागते. परंतु वजनकाट्याच्या खोलीतील प्रिंटरवर कार्यालयातील संगणकावरून पावती काढावयाची असेल, किंवा दोन-तीन संगणकांना मिळून एकच प्रिंटर वापरावयाचा असेल, तर प्रिंटर नेटवर्कमध्ये यावा लागतो. त्यासाठी प्रिंटरच्या मागील खाचेत जी लहान पट्टी बसविलेली असते, तिला नेटवर्क कार्ड किंवा इंटरफेस कार्ड म्हणतात. काही प्रिंटरांत ही सोय मूळच्या पट्टीवरच असते. संगणकाकडून आलेला मजकूर घेणे, तो आपल्यासाठी आहे की नाही हे पाहणे व प्रिंटरच्या स्वाधीन करणे, हे या कार्डाचे काम होय.

या कार्डांच्या बुडाशी असलेले ईथरनेट तंत्र अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित करण्यास आरंभ केला आणि १९८३ साली त्याला प्रमाणित रूप मिळाले. त्यामुळेच एका कंपनीचा प्रिंटर दुसऱ्या कंपनीच्या स्विचला व तिसऱ्या कंपनीच्या संगणकाला जोडता येतो.

पत्त्यांचा अर्थ

प्रत्येक कार्डाला दोन ओळखी असतात. पहिली ओळख म्हणजे मॅक पत्ता. मोटारीच्या चासीवर कोरलेल्या क्रमांकाप्रमाणे तो कारखान्यातच कार्डात घातला जातो. तो बारा अक्षर-अंकांचा असून त्यातील पहिली सहा उत्पादकाची खूण दर्शवितात. दुसरी ओळख म्हणजे आयपी पत्ता. तो कार्यालय ठरविते व आवश्यकतेनुसार बदलते. त्यात ०ते २५५ मधील चार संख्या टिंबांनी जोडलेल्या असतात, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०.

आयपी पत्त्याचा काही भाग गावाच्या नावासारखा व उरलेला भाग घरक्रमांकासारखा असतो. कोठपर्यंत गाव व कोठून घर, हे सबनेट मास्कवरून ठरते. मास्क २५५.२५५.२५५.० असेल, तर पहिल्या तीन संख्या गावाच्या व शेवटची संख्या घराची समजावी. म्हणजे १९२.१६८.१.१० हा संगणक व १९२.१६८.१.५० हा प्रिंटर एकाच गावचे. परंतु १९२.१६८.०.५० या पत्त्याचा प्रिंटर दुसऱ्या गावचा ठरतो. दोघे एकाच टेबलावर असले व एकाच स्विचला जोडलेले असले, तरी त्यांचा परस्परांशी थेट व्यवहार होत नाही. गावाबाहेर जाण्याची वेस म्हणजे गेटवे. हा बहुधा राऊटरचा पत्ता असतो.

पत्ते वाटण्याचे काम राऊटर आपण होऊन करू शकतो. त्या पद्धतीस डीएचसीपी म्हणतात. यात्रेत येईल त्याला मोकळी जागा नेमून द्यावी, तसा हा प्रकार आहे. मोबाईल व फिरत्या संगणकांसाठी तो सोयीचा असला, तरी प्रिंटरसाठी गैरसोयीचा ठरतो. वीज जाऊन आल्यावर प्रिंटरला निराळा पत्ता मिळाला, तर संगणक जुन्याच पत्त्यावर पावत्या पाठवीत राहतो. याकरिता प्रिंटरचा पत्ता कायम असणे इष्ट होय.

मांडणीची क्रमवार रीत

१. प्रिंटर बंद करून त्याचा विजेचा पुरवठा काढावा. कार्ड बसविण्यापूर्वी हात एखाद्या उघड्या, जमिनीशी जोडलेल्या धातूला लावावा, म्हणजे अंगातील स्थिर विजेने कार्डास इजा होणार नाही. कार्ड खाचेत सरळ सरकवून स्क्रू घट्ट करावेत.

२. नेटवर्क केबलचे एक टोक कार्डात व दुसरे स्विचमध्ये घालावे. टोक बसताना टक् असा आवाज आला पाहिजे. तांब्याच्या केबलची सलग लांबी १०० मीटरपेक्षा जास्त असू नये. वजनकाटा त्याहून दूर असल्यास मध्ये स्विच ठेवावा अथवा ऑप्टिकल फायबरची सोय करावी.

३. प्रिंटर सुरू करून कार्डाजवळील दिवे पाहावेत. जोड झाल्याचा दिवा स्थिर लागतो व माहितीची ये-जा होत असता दुसरा लुकलुकतो. ही रचना कंपनीनुसार थोडी वेगळी असते.

४. त्यानंतर स्वचाचणीची चिठ्ठी काढावी. पुष्कळ प्रिंटरांत कागद सरकविण्याचे बटण दाबून धरून वीज सुरू केल्यास ही चिठ्ठी निघते. काही कार्डांच्या मागे यासाठी स्वतंत्र लहान बटण असते. चिठ्ठीवर मॅक पत्ता, आयपी पत्ता, मास्क व गेटवे छापून येतात. ही चिठ्ठी जपून ठेवावी.

५. कारखान्यात भरलेला पत्ता कार्यालयाच्या पत्त्यांशी जुळेलच असे नाही. एप्सन कंपनीच्या अनेक कार्डांत तो १९२.१६८.१९२.१६८ असा असतो. अशा वेळी एका संगणकास तात्पुरता १९२.१६८.१९२.१० हा पत्ता व २५५.२५५.२५५.० हा मास्क द्यावा. मग ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता लिहिल्यास कार्डाचे मांडणीचे पान उघडते. ज्या कार्डात असे पान नसते, त्यासाठी कंपनीने दिलेला प्रोग्राम वापरावा.

६. त्या पानावर डीएचसीपी बंद करून कायम पत्ता भरावा. राऊटर १०० ते १९९ हे घरक्रमांक वाटत असेल, तर प्रिंटरला त्याबाहेरील, उदाहरणार्थ ५०, हा क्रमांक द्यावा. अन्यथा तोच पत्ता पुढे एखाद्या मोबाईलला मिळून तंटा उद्भवतो. भरलेली माहिती साठवून प्रिंटर बंद-चालू करावा आणि संगणकाचा मूळ पत्ता परत द्यावा. पत्ता बदलताच उघडलेले पान नाहीसे होते. त्यामुळे घाबरून जाऊ नये. प्रिंटर नव्या गावी राहावयास गेला, एवढाच त्याचा अर्थ होय.

७. संगणकात प्रिंटर जोडताना टीसीपी-आयपी पोर्ट हा प्रकार निवडून प्रिंटरचा नवा पत्ता लिहावा. पावती प्रिंटर बहुधा ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर मजकूर स्वीकारतात. तो ‘रॉ’ या पद्धतीने ठेवावा. शेवटी चाचणी पावती काढावी.

पत्ते लिहिताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. येथे अंक देवनागरीत दिले असले, तरी संगणकात ते इंग्रजी अंकांतच भरावयाचे असतात. तसेच काही चिठ्ठ्यांवर ५० हा आकडा ०५० असा छापलेला असतो. तो शून्यासह भरू नये, कारण आरंभी शून्य असलेली संख्या काही प्रोग्राम अष्टमान पद्धतीने वाचतात व ०५० चा अर्थ ४० असा घेतात.

दोष शोधण्याचा क्रम

दोष शोधताना जवळच्या व सोप्या गोष्टीपासून आरंभ करावा. पुष्कळदा प्रथमच संगणकातील प्रोग्राम काढून पुन्हा घालण्याचा उद्योग केला जातो व त्यात दिवस जातो. केबल मात्र उंदराने कुरतडलेली असते.

प्रथम स्वचाचणीची चिठ्ठी काढावी. ती नीट निघाल्यास प्रिंटरचे छपाईचे अंग ठीक आहे, असे समजावे. कागद पुढे सरकतो, पण कोरा राहतो, असे झाल्यास कागदाची गुंडाळी उलटी बसली असण्याचा संभव असतो. या कागदाच्या एकाच बाजूस उष्णतेने काळा पडणारा थर असतो. नखाने ओरखडल्यास ज्या बाजूस काळी रेघ उमटते, ती छपाईची बाजू होय.

दुसऱ्या पायरीस दिवे पाहावेत. जोडाचा दिवा लागत नसेल, तर केबल, स्विचचे छिद्र अथवा कार्ड यांपैकी एकात दोष आहे. चालू असलेल्या संगणकाची केबल काढून प्रिंटरला लावून पाहावी. दिवा लागल्यास पहिली केबल सदोष ठरते. न लागल्यास तीच केबल स्विचच्या दुसऱ्या छिद्रात घालावी. तरीही दिवा न लागल्यास कार्डाकडे वळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्यास दोष कोणता होता, हे कळत नाही.

तिसऱ्या पायरीस संगणकावरून ‘पिंग’ ही आज्ञा द्यावी. ती आज्ञा म्हणजे प्रिंटरला दिलेली हाक होय. ओ आली, तर रस्ता मोकळा आहे. न आल्यास प्रिंटरच्या चिठ्ठीवरील पत्ता व मास्क आणि संगणकाचा पत्ता व मास्क शेजारी ठेवून ताडून पाहावेत. यांपैकी कोणाचाही पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राने राऊटरकडे पत्ता मागितला, तो मिळाला नाही व त्याने स्वतःच एक पत्ता घेतला, असा निष्कर्ष निघतो.

पिंगला ओ येते, पण पावती निघत नाही, अशी तक्रार असल्यास दोष बहुधा संगणकाकडे असतो. पोर्टमध्ये जुना पत्ता राहिला आहे काय, प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखविला जात आहे काय आणि अडकलेल्या पावत्यांची रांग साचली आहे काय, हे पाहावे. विंडोज प्रणालीत पोर्टच्या मांडणीत ‘एसएनएमपी’ नावाची स्थिती-तपासणी सुरू असते. ज्या प्रिंटरांना ती समजत नाही, ते चालू असूनही बंद दिसतात. ती खूण काढल्यास अडचण दूर होते.

कधी पावती निघते, कधी निघत नाही, हा दोष सर्वांत त्रासदायक होय. एकच पत्ता दोन यंत्रांनी घेतला असल्यास असे घडते. प्रिंटरची नेटवर्क केबल काढून त्याच्या पत्त्यावर पिंग करावे. केबल काढलेली असतानाही ओ आली, तर त्या पत्त्यावर दुसरेच कोणी बसले आहे, हे सिद्ध होते. काही यंत्रे पिंगला ओ देत नाहीत. म्हणून संगणकाच्या ‘एआरपी’ यादीत त्या पत्त्यापुढे दिसणारा मॅक पत्ता प्रिंटरच्या चिठ्ठीवरील मॅक पत्त्याशी ताडून पाहणे अधिक खात्रीचे ठरते.

मराठी अथवा तेलुगू अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अर्थहीन खुणा उमटत असतील, तर नेटवर्क कार्डास दोष देऊ नये. अनेक प्रिंटरांच्या अंगी इंग्रजी अक्षरेच असतात. भारतीय लिपीतील मजकूर चित्ररूपाने पाठविण्याची सोय प्रोग्राममध्ये करून घ्यावी. छपाईस थोडा अधिक वेळ लागतो, परंतु शेतकऱ्याला आपली पावती स्वतः वाचता येते. हा लाभ थोडा नव्हे.

एक नमुना

समजा, एखाद्या सोसायटीतील जुना राऊटर विजेच्या दाबाने जळाला व त्याच दिवशी नवा बसविण्यात आला. संगणकावर इंटरनेट सुरू झाले, पण पावती प्रिंटर बंद पडला. प्रिंटर बिघडला असे समजून नवीन घेण्याचा प्रस्ताव तयार झाला. वास्तविक जुना राऊटर १९२.१६८.१ या गावचे पत्ते देत होता व नवा १९२.१६८.० या गावचे देऊ लागला. संगणकाने नवा पत्ता घेतला. प्रिंटर मात्र कायम पत्त्यामुळे जुन्याच गावी राहिला. नव्या राऊटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.१ केला व संगणक पुन्हा सुरू केला की सर्व काही पूर्ववत होते. खर्च शून्य. पूर्वीचे पत्ते कोठे तरी लिहिलेले असावेत, एवढीच अट आहे.

सुरक्षितता व सचोटी

९१०० क्रमांकाचे पोर्ट सामान्यतः पावती पाठविणाऱ्यास परवलीचा शब्द विचारीत नाही. त्याच नेटवर्कमध्ये शिरलेली कोणतीही व्यक्ती मोबाईलवरूनही पावती छापू शकते. म्हणून लोकांसाठी खुले असलेले वाय-फाय व प्रिंटरचे नेटवर्क वेगवेगळे ठेवावे. बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, हे पोर्ट कधीही उघडे ठेवू नये. कार्डाच्या मांडणीच्या पानाचा कारखान्यातील परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा.

छपाई अर्धवट असता कागद संपल्यास किंवा केबल निघाल्यास तीच पावती पुन्हा निघण्याचा संभव असतो. एका वजनाच्या दोन पावत्या बाहेर जाणे धोक्याचे आहे. दुसऱ्या प्रतीवर ‘दुय्यम प्रत’ असे छापण्याची योजना प्रोग्राममध्ये असावी. अर्धवट पावती रद्द करून दप्तरी लावावी व दोष दूर झाल्यावर संगणकातील साचलेली रांग तपासूनच पुढील काम सुरू करावे.

निगा

कापसाच्या आवारात तंतू व धूळ फार असते. ते कागद कापणाऱ्या पात्यात व छपाईच्या पट्टीवर साचतात. यंत्र बंद करून व थंड होऊ देऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजविलेल्या मऊ कापडाने पट्टी पुसावी. टोकदार वस्तू लावू नये. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्यास प्रिंटरच्या विजेच्या पुरवठ्याबरोबरच नेटवर्क केबलही काढावी, कारण उघड्यावरून नेलेल्या केबलमधूनही कार्डास धक्का पोचतो. प्रिंटरबरोबर आलेला अडॅप्टरच वापरावा.

प्रत्येक कार्यालयात एका पानाची नोंद भिंतीवर असावी. त्यात प्रत्येक यंत्राचे नाव, जागा, मॅक पत्ता, आयपी पत्ता, मास्क, गेटवे व बदलाची तारीख लिहावी. परवलीचे शब्द मात्र त्या पानावर लिहू नयेत. ते जबाबदार अधिकाऱ्याकडे बंद पाकिटात ठेवावेत. अधिकाऱ्याची बदली झाल्यास पदभार देताना हे पान व पाकीट यांचाही उल्लेख व्हावा.

प्रत्येकाचे कर्तव्य

यंत्र बंद पडले म्हणून शेतकऱ्यास पावतीविना परत पाठविणे योग्य नव्हे. क्रमांक छापलेले कार्बनी पावतीपुस्तक प्रत्येक काट्यावर व खिडकीवर तयार असावे आणि त्यातील नोंदी यंत्र सुरू होताच संगणकात चढवाव्यात. माध्यमिक शाळांतील शिक्षकांना पत्ता, मास्क व गेटवे या कल्पना गाव, घर व वेस यांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना समजावून देता येतील. गावातील दोन-चार तरुणांनी पिंग करून पाहण्याइतके ज्ञान मिळविले, तरी जिल्ह्याच्या ठिकाणाहून कारागीर येईपर्यंत काम अडून राहणार नाही.

ग्रामस्थांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रिंटरमधून निघालेली पावती उष्णतेने उमटते आणि उष्णतेनेच बिघडते. ऊन, घाम, तेल व प्लॅस्टिकची पिशवी यांच्या संपर्काने तिच्यावरील अक्षरे पुसट होत जातात. महत्त्वाच्या पावतीची झेरॉक्स प्रत त्याच आठवड्यात काढून मूळ पावती कागदी पाकिटात ठेवावी. पावती हाती येताच काट्यापासून हलण्यापूर्वी नाव, वजन, तारीख व क्रमांक वाचून पाहावेत. वाचता येत नसल्यास दुसऱ्याकडून वाचून घ्यावेत. चूक तेथेच दाखविल्यास ती तेथेच दुरुस्त होऊ शकते. यंत्र कितीही नवे असले, तरी पावतीवरील आकडा खरा आहे की नाही हे शेवटी माणसानेच पाहावयाचे असते.